देणगी आणि माणूस

माणसाच्या हातातील कसब आणि तो माणूस स्वतः, यांत भेद करता येतो काय? वरवर पाहता हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात शोभणारा वाटतो. परंतु ज्या घरातील कमावता पुरुष अंथरुणाला खिळतो, ज्या शिक्षकाचा आवाज कायमचा बसतो, ज्या सुताराच्या हाताला कंप सुटतो, त्या घरात हाच प्रश्न न बोलावता येऊन उंबरठ्यावर बसतो. 'आता माझा काय उपयोग?' हे शब्द धर्मगुरूच्या कानांवर जितक्या वेळा पडतात, तितक्या वेळा क्वचितच दुसरे कुठले पडत असतील. या प्रश्नाचा विचार येथे एका ध्वनिमुद्रिकेच्या आधारे करावयाचा आहे. रॉक संगीताच्या तबकडीतून असा विचार निघावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या तबकडीतील संगीताचे मूळ एका मित्राच्या मृत्यूत आहे आणि तिच्या शेवटाशी एका स्नानसंस्कार-गीताचे सूर गुंफलेले आहेत. तेव्हा ती आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

२६ मार्च १९७१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराच्या सिटी हॉलमध्ये 'इमर्सन, लेक अँड पामर' या त्रयीची मैफल झाली. तिचे ध्वनिमुद्रण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन', म्हणजे 'प्रदर्शनातील चित्रे', या नावाने प्रसिद्ध झाले. कीथ इमर्सन ऑर्गन, पियानो आणि सिंथेसायझर वाजवी. ग्रेग लेक गाई आणि गिटार वाजवी. कार्ल पामर ड्रम्स वाजवी. इमर्सनचे वय तेव्हा सव्वीस होते, लेकचे तेवीस, आणि पामरने आठवड्यापूर्वीच एकविसावे वर्ष पूर्ण केले होते. युरोपच्या अभिजात संगीतातील दीर्घ रचना आणि बांधणी रॉकच्या जोरकस वादनात आणू पाहणाऱ्या ज्या प्रवाहाला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात, त्याचे हे तिघे अध्वर्यू. त्यांनी निवडलेली रचना शंभर वर्षांपूर्वीची होती, रशियन संगीतकार मोदेस्त मुसोर्गस्की याची.

या रचनेची जन्मकथा सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. व्हिक्टर हार्टमान हा वास्तुशिल्पी आणि चित्रकार मुसोर्गस्कीचा जिवलग मित्र. १८७३ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो अकस्मात वारला. त्यापूर्वी एकदा दोघे मित्र रस्त्याने चालत असता हार्टमानला धाप लागली आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. ती मृत्यूची चाहूल होती, आणि आपण ती हलकेच घेतली, ही खंत मुसोर्गस्कीने कलासमीक्षक स्तासोव याला लिहिलेल्या पत्रात बोलून दाखविली आहे. पुढील वर्षी स्तासोवच्या खटपटीने सेंट पीटर्सबर्ग येथे हार्टमानच्या सुमारे चारशे चित्रांचे व आराखड्यांचे प्रदर्शन भरले. ते पाहून आल्यावर मुसोर्गस्कीने जून १८७४ मध्ये, काही आठवड्यांतच, पियानोसाठी ही दहा चित्रांची मालिका रचली. एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये मध्ये एक सुरावट येते. तिचे नाव 'प्रोमनेड', म्हणजे फेरफटका. प्रदर्शनात चालणारा मुसोर्गस्की तो हाच. मित्राबरोबरची अर्धी राहिलेली वाट तो जणू एकट्याने पुरी करीत आहे.

आज त्या चारशे कलाकृतींपैकी बहुतेक नाहीशा झाल्या आहेत. मुसोर्गस्की दारूच्या व्यसनाने खंगत जाऊन १८८१ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, लष्करी इस्पितळात मरण पावला. त्याची ही रचना छापली गेली ती १८८६ साली, त्याच्या मागे पाच वर्षांनी. १९२२ साली फ्रेंच संगीतकार मॉरिस राव्हेल याने तिला वाद्यवृंदाचा साज चढविला आणि ती जगभर पोहोचली. परंतु त्याच राव्हेलला पुढे मेंदूच्या विकाराने घेरले. मनात संगीत असावे आणि लेखणीतून ते कागदावर उतरू नये, अशा अवस्थेत त्याची अखेरची वर्षे गेली आणि १९३७ साली मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर तो वारला. हार्टमानकडून मुसोर्गस्कीकडे, मुसोर्गस्कीकडून राव्हेलकडे, आणि पुढे न्यूकॅसलच्या त्या तीन तरुणांकडे ही देणगी आली. देणगी पुढे जात राहिली आणि ती वाहून नेणारे हात एकामागून एक गळून पडत राहिले.

या तरुणांनी मूळ कृतीची मोडतोड केली, असा आक्षेप अभिजात संगीताच्या चाहत्यांनी घेतला. दहा चित्रांपैकी त्यांनी चारच घेतली. मधे लेकने गिटारवर स्वतःचे गीत म्हटले. एके ठिकाणी तर चक्क ब्लूज संगीताचा तुकडा येतो. इमर्सन मंचावर हॅमंड ऑर्गन ओढी, हलवी, त्याच्या पट्ट्यांमध्ये सुऱ्या खोवून स्वर धरून ठेवी. पाइप ऑर्गन ज्यांना परवडत नाही अशा कितीतरी अमेरिकन चर्चेसनी १९३५ पासून जे वाद्य घेतले, त्याची ही गत पाहून भाविक मनाला धक्का बसणे साहजिक आहे. तथापि या आक्षेपाला मुसोर्गस्कीच्या कृतीतच उत्तर आहे. त्याने तरी चित्रांची नक्कल कुठे केली? हार्टमानचा 'बुटका' हा अक्रोड फोडण्याच्या खेळण्याचा आराखडा होता. मुसोर्गस्कीने त्याला लंगडत चालणारा, दुखावलेला जीव केले. 'बाबा यागा' या चेटकिणीची झोपडी कागदावर एका घड्याळाचा नमुना होती. संगीतात ती झपाटून टाकणारी धाव झाली. परंपरा म्हणजे मिळालेली वस्तू पेटीत बंद करून ठेवणे नव्हे. 'ट्रादिसियो' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'हाती सोपविणे' असा आहे, आणि ज्याच्या हाती सोपविले त्याच्या हाताची ऊब वस्तूला लागणारच. तेव्हा या तरुणांनी काय बदलले यापेक्षा काय वगळले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

त्यांनी 'कॅटॅकोम्ब्ज' वगळले. पॅरिसच्या भुयारी अस्थिगृहात दिव्याच्या उजेडात उभा असलेला हार्टमान, असे ते चित्र. मुसोर्गस्कीच्या मालिकेचे हृदय येथे आहे. त्याच्या पाठोपाठ फेरफटक्याची ओळखीची सुरावट येते, पण आता ती कापऱ्या, मंद स्वरांत. मथळा लॅटिनमध्ये आहे: मृतांसह, मृत भाषेत. हस्तलिखितात मुसोर्गस्कीने नोंद केली आहे, तिचा आशय असा, की दिवंगत हार्टमानची प्रतिभा मला कवट्यांपाशी घेऊन जाते, त्यांना साद घालते, आणि त्या आतून मंद उजळू लागतात. इतका वेळ चित्रे पाहत बाहेरून हिंडणारा माणूस येथे चित्राच्या आत शिरतो आणि मृत मित्राशी बोलतो. न्यूकॅसलच्या मैफलीत हे नाही. तरुणांनी बुटका घेतला, जुना किल्ला घेतला, चेटकीण घेतली आणि शेवटचा भव्य दरवाजा घेतला. भुयारात मात्र ते उतरले नाहीत. याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. विशीतल्या माणसाने मृत्यूपाशी थांबावे अशी अपेक्षा कोण करील? परंतु जे मैफलीतून वगळता येते ते आयुष्यातून वगळता येत नाही.

प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रणाचे येथे एक वेगळेच मर्म आहे. संत ऑगस्टीनने आपल्या 'कबुलीजबाबा'च्या अकराव्या पुस्तकात काळाचे स्वरूप समजावताना पाठ असलेल्या गीताचा दाखला दिला आहे. म्हणण्यापूर्वी ते सारे अपेक्षेत असते. म्हणता म्हणता ते अपेक्षेतून स्मृतीत सरकत जाते. आणि संपल्यावर केवळ स्मृती उरते. संगीत हे असे सरणारे आहे. सरणे हाच त्याचा धर्म. स्टुडिओत तुकड्यातुकड्यांनी घडविलेली तबकडी ही एक प्रकारची वास्तू असते, तर मैफलीची तबकडी ही घडून गेलेल्या घटनेची साक्ष असते. त्या संध्याकाळी इमर्सनने पहिला फेरफटका सभागृहाच्या भव्य पाइप ऑर्गनवर वाजविला. त्या ऑर्गनची बैठक मंचापासून बरीच उंचावर होती. तेथून उतरून त्याला आपल्या वाद्यांपाशी यायचे होते, आणि तेवढा वेळ पामरने ड्रम्सच्या घुमाऱ्याने भरून काढला. फेरफटक्याच्या सुरावटीनंतर वादक खरोखरच चालत आहे, आणि त्याच्या पावलांचा वेळ सोबती सांभाळून घेत आहे! असा क्षण स्टुडिओत जन्मत नाही.

पण साक्षीचीही एक धार असते. घटना सरते, ध्वनिमुद्रण सरत नाही. सव्वीस वर्षांच्या इमर्सनची बोटे त्या तबकडीवर कायमची सव्वीस वर्षांचीच राहिली. ज्याने ती वाजविली तो मात्र म्हातारा होत गेला. १९९३ साली त्याच्या उजव्या हाताच्या नसांना विकार जडला आणि वर्षभर त्याला वादन थांबवावे लागले. पुढे तो पुन्हा उभा राहिला, वाजवीत राहिला, पण हात पूर्वीसारखा झाला नाही. मार्च २०१६ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्याने स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. पुढच्याच महिन्यात जपानमध्ये त्याचे कार्यक्रम ठरलेले होते. आपले वादन रसिकांच्या अपेक्षेला उतरणार नाही या भीतीने तो पोखरला गेला होता, लोकांची टीका त्याच्या जिव्हारी लागत होती, असे त्याच्या सहचारिणीने नंतर वृत्तपत्राला सांगितले. नैराश्याने त्याला ग्रासले होते. अशा शेवटाची कारणे एका वाक्यात बसविता येत नाहीत आणि बसवूही नयेत. तथापि एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. ज्या तबकड्यांनी त्याला कीर्ती दिली, त्याच तबकड्या त्याच्या उतारवयात त्याच्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या.

येथे कोणी म्हणेल की श्रद्धा असती तर तो तरला असता. एवढ्या सहजपणे हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार आपल्याला नाही. ख्रिस्तसभेने जीवन हे परमेश्वराचे दान मानले आहे आणि ते संपविण्याचा हक्क माणसाला नाही, ही शिकवण तिने कधी सौम्य केलेली नाही. परंतु १९१७ च्या धर्मसंहितेत आत्मघात करणाऱ्याला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारण्याची जी तरतूद होती, ती १९८३ च्या संहितेत राहिली नाही. आणि १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने स्पष्ट केले की तीव्र मानसिक पीडा, यातनेचे भय यांमुळे माणसाची जबाबदारी उणावते, आणि अशा जीवाच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये. परमेश्वराला ठाऊक असलेल्या वाटा आपल्याला ठाऊक नसतात. तेव्हा त्या मृताचा न्याय परमेश्वरावर सोपवून आपण आपल्याकडे वळलेले बरे.

संत थॉमस अक्विनास याने कला आणि सद्गुण यांत एक मोलाचा भेद केला आहे. कला म्हणजे वस्तू घडविण्याची नीट बुद्धी. तिने कृती चांगली होते. सद्गुणाने मात्र कर्ता चांगला होतो. उत्तम सुतार वाईट माणूस असू शकतो आणि त्याची खुर्ची तरीही भक्कम असते. याची उलट बाजू आपण सहसा लक्षात घेत नाही. खुर्ची करणारे हात निकामी झाले तरी त्या सुताराच्या माणूसपणाला त्याने ओरखडाही उमटत नाही. देणगी माणसाकडून होणाऱ्या कामाला उंची देते. माणसाला असणे दिले ते दुसऱ्याच कोणी, आणि कामाच्या आधी दिले. स्वतः थॉमसने ६ डिसेंबर १२७३ रोजी, मिस्सा अर्पण करताना आलेल्या अनुभवानंतर, लेखणी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. त्याचा महाग्रंथ अपुरा राहिला. तीन महिन्यांनी तो वारला. ग्रंथ अपुरा राहिला म्हणून थॉमस अपुरा राहिला असे कोणी म्हणत नाही.

हे तत्त्व म्हणून पटते. मग जगताना ते का पटत नाही? माझ्या मते याचे कारण ज्याची देणगी आटते त्याच्यापेक्षा त्याच्या भोवतालच्या आपल्यात अधिक आहे. 'तुझे वादन आम्हांला आवडते' आणि 'तू आम्हांला हवा आहेस' ही दोन वाक्ये आपण आयुष्यभर एकाच स्वरात उच्चारतो. ऐकणाऱ्याने त्यांतील भेद ओळखावा तरी कसा? देणगी असेतोवर दोन्हींचा अर्थ एकच भासतो. देणगी ओसरली की पहिले वाक्य खोटे ठरते आणि दुसरेही आपल्याबरोबर घेऊन जाते. गुणपत्रिका पाहूनच मुलाला जवळ घेणारे आईबाप, निवृत्तीनंतर सहा महिन्यांत शिक्षकाला विसरणारे गाव, जुन्या तबकडीशी ताडून म्हाताऱ्या वादकाची खिल्ली उडविणारे रसिक, हे सारे एकाच पाठाचे शिक्षक आहेत.

२७ मार्च २००५ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे व्हॅटिकनच्या खिडकीत आले. तारुण्यात क्राकोच्या रंगभूमीवर गाजलेला तो आवाज, अर्ध्या जगाने ऐकलेला आवाज, त्या दिवशी फुटेना. त्यांनी बोलण्याचा प्रयत्न केला, शब्द उमटला नाही, आणि त्यांनी हातानेच आशीर्वाद दिला. खाली चौकात लोक रडत होते, पण आपण आलो ते वाया गेले असे कोणाला वाटले नाही. सहा दिवसांनी ते प्रभुघरी गेले. इमर्सनशी त्यांची तुलना करून एकाला थोर आणि दुसऱ्याला दुबळा ठरविण्याचा येथे हेतू नाही. दोघांच्या धैर्यात किती अंतर होते हे मोजण्याचे माप आपल्यापाशी नाही. दोघांसमोरच्या समुदायांत मात्र अंतर होते. एका समुदायाने पैसे देऊन तिकीट काढले होते. दुसऱ्याने आपल्या पित्याला पाहण्यासाठी वाट धरली होती. मुक्या माणसावरही प्रेम करणारे लोक समोर असतील, तर मुका होण्याचे भय निम्मे होते.

आपल्या धर्मग्रामांना या कसोटीवर तपासून पाहावे. पाश्चात्त्य वाद्यांची आवड आपल्या लोकांत जुनी आहे. व्हायोलिन, ऑर्गन, बँड यांवाचून आपले सण साजरे होत नाहीत. चाळीस वर्षे चर्चमध्ये ऑर्गन वाजविणाऱ्या माणसाची बोटे अडखळू लागली की आपण काय करतो? उपासनेचे संगीत नीट व्हावे हा आग्रह रास्तच आहे. तरुण वादक पुढे आला पाहिजे. पण वृद्धाकडून बाक रिकामे करून घेणे निराळे आणि त्याने नव्या वादकाच्या हाती ते सोपवावे अशी संधी त्याला देणे निराळे. पहिल्यात त्याच्या हातून काही काढून घेतले जाते. दुसऱ्यात तो अखेरपर्यंत दाता राहतो. उपासनेत तो नंतर पहिल्या रांगेत बसावा, गायकवृंदाच्या सणाच्या जेवणात त्याचे पान असावे, कोणीतरी आठवड्यातून एकदा त्याच्या घरी जाऊन 'आज अमुक गीत गायिले' एवढे सांगावे. आणि एखादा जर 'आता माझा काय उपयोग' असे म्हणू लागला, तर ते म्हातारपणाचे रडगाणे समजून हसण्यावारी नेऊ नये. भिंतीला टेकलेल्या हार्टमानची धाप अशीच हलकी घेतली गेली होती. त्याच्यापाशी थांबावे, ऐकावे, डॉक्टरकडे न्यावे लागले तर न्यावे.

ग्रेग लेकही २०१६ च्या डिसेंबरात कर्करोगाने गेला. त्रयीतला कार्ल पामर तेवढा मागे राहिला. २०२२ पासून त्याने काही कार्यक्रम असे केले, की पडद्यावर १९९२ च्या लंडनमधील मैफलीचे चित्रीकरण दिसते, त्यात इमर्सन आणि लेक वाजवीत असतात, आणि मंचावर पामर त्यांच्या साथीला प्रत्यक्ष ड्रम्स वाजवितो. यात कोणाला व्यापार दिसेल, कोणाला केवळ स्मरणरंजन. मला त्यात न्यूकॅसलच्या मैफलीतून वगळलेले प्रकरण दिसते. मृतांसह, मृत भाषेत. तारुण्यात जे भुयार टाळले होते त्यात सत्तरी ओलांडलेला एक सोबती दिवा घेऊन उतरला आहे, आणि १९७१ साली उंचावरून चालत येणाऱ्या मित्रासाठी त्याने जशी वेळ सांभाळली होती, तशीच आजही सांभाळीत आहे.

मुसोर्गस्कीच्या मालिकेत आणि या तबकडीवरील त्या रचनेत शेवटचे चित्र एकच आहे: कीव्ह नगरीचा भव्य दरवाजा. हार्टमानने त्याचा आराखडा केला, पण तो दरवाजा कधी बांधला गेला नाही. कागदावरच राहिलेल्या त्या दरवाजाला मुसोर्गस्कीने घंटांचा नाद दिला आणि त्याच्या कमानीखाली रशियन ख्रिस्तसभेच्या स्नानसंस्कारातील जुन्या गीताचे सूर आणून ठेवले. याची योजना त्याने कोणत्या श्रद्धेने केली हे तोच जाणे. पण स्नानसंस्काराच्या वेळी आपण काय असतो ते आठवावे. आपल्याला बोलता येत नाही, चालता येत नाही, हाताची मूठ सोडवत नाही. एकही कसब अंगी नसते. तशा त्या रिकाम्या हातांच्या जीवाला नावाने हाक मारली जाते आणि 'माझे लेकरू' म्हटले जाते. पुढे हात भरतात, वाजवितात, घडवितात, थकतात आणि पुन्हा रिकामे होतात. पहिली हाक मात्र मागे घेतली जात नाही.